नवीन टीम लीडने काय धरावं: सर्व्हंट लीडरशिप की सिच्युएशनल?

नुकतेच टीम लीड झालेल्यांसाठी लिहितोय. थिअरी एक्स-वाय, लेविनच्या १९३९ च्या तीन स्टाइल्स वगैरे लीडरशिपच्या थिअरी कुठल्या ना कुठल्या ट्रेनिंगमध्ये बघून झालंच असेल, ते परत उगाळत नाही. प्रत्यक्षात शेवटी घोळ होतो तो सर्व्हंट लीडरशिप (लीडरने टीमच्या सेवेला राहायचं, त्यांचे अडथळे दूर करायचे) आणि सिच्युएशनल लीडरशिप (समोरच्याला काम किती येतं ते बघून आपली पद्धत बदलायची) या दोन्हीतच, कारण दोन्ही वाचताना पटतात.

आधीच सांगतो, माणूस म्हणून मला सर्व्हंट लीडरशिप जास्त भावते. ही कल्पना मांडणाऱ्या रॉबर्ट ग्रीनलीफने एटी अँड टी या अमेरिकन टेलिफोन कंपनीत उभी नोकरी केली, १९६४ ला रिटायर झाला आणि १९७० मध्ये तिच्यावरचा निबंध लिहिला, त्यामुळे त्याच्या म्हणण्यात मोठी संस्था आतून बघितलेल्या माणसाचं वजन आहे. त्याची कसोटी पण किती सरळ आहे बघा, तुमच्या हाताखालची माणसं वाढतायत का, जास्त शहाणी, जास्त स्वतंत्र होतायत का. माझा एक जुना मॅनेजर अगदी असाच होता, वरचं प्रेशर आमच्यापर्यंत येऊच द्यायचा नाही, अप्रूव्हल, बजेट, दुसऱ्या टीमशी वादावादी सगळं स्वतः अंगावर घ्यायचा आणि क्रेडिटची वेळ आली की आमची नावं पुढे करायचा. त्याच्याबद्दल आजही मनापासून आदर आहे.

पण एक गोष्ट मला सतत खटकत राहिली, आणि माझा निर्णय तिच्यावरच झाला. सर्व्हंट लीडरचा तो नेहमीचा प्रश्न, "तुला काय मदत हवी?" ज्याला काम येतं त्याला हा प्रश्न फार उपयोगाचा, तो लगेच सांगतो की अमुक टीमकडून डेटा येत नाहीये, तेवढं बघा. पण जो नवीन आहे त्याला आपलं नेमकं कुठे अडलंय हेच माहीत नसतं, आणि माहीत असलं तरी चार लोकांसमोर कोण तोंड उघडणार, मग उत्तर ठरलेलं, "काही नाही सर, सगळं ओके आहे". आणि मग डेडलाइन तोंडावर आली की कळतं काम अर्धंसुद्धा झालेलं नाही, आणि तोपर्यंत तो मुलगा बिचारा आतून पार खचलेला असतो. मी नवीन असताना मलाही हाच प्रश्न यायचा, आणि खरं सांगायचं तर मला तेव्हा प्रश्न नको होता, कोणीतरी शेजारी बसून "आधी हे कर, मग मला दाखव" असं सांगायला हवं होतं. ग्रीनलीफला असं अभिप्रेत नसेलही, पण ऑफिसात ती थिअरी उतरते ती बहुतेक वेळा याच रूपात.

हर्सी आणि ब्लँचर्डचं सिच्युएशनल मॉडेल, १९६९ चं, नेमकं इथे कामाला येतं. सांगणं, पटवणं, सोबत ठरवणं, सोपवून देणं या चार पायऱ्या सगळ्यांना पाठ असतात, पण लोक एक गोष्ट विसरतात की लेव्हल, म्हणजे तयारी किती आहे ती, एकूण माणसाची बघायची नाही, त्या त्या कामातली बघायची. आमच्या टीममधली एक सिनियर, रिपोर्टिंगमध्ये तिच्याकडे वळून बघायचीही गरज नसायची, पण क्लायंटसमोर पहिल्यांदा प्रेझेंटेशन द्यायचं आलं तेव्हा तिच्याबरोबर स्लाइडनिस्लाइड बसून केली आणि तिला त्यात कमीपणा वाटला नाही, उलट हायसं वाटलं. ब्लँचर्डने पुढे स्वतःच्या व्हर्जनमध्ये नवखा माणूस उत्साही असतो आणि खरी घसरण दुसऱ्या टप्प्यात होते असं मांडलं, ते तर मला शंभर टक्के पटतं, पहिला जोश ओसरतो, काम वाटलं त्यापेक्षा अवघड निघतं, आणि राजीनाम्याचे विचार तिथेच सुरू होतात. त्या वेळी नुसता धीर देऊन भागत नाही, कसं करायचं तेही दाखवावं लागतं.

याचे तोटे नाहीत असं अजिबात नाही. संशोधनाचा आधार तसा कमकुवत आहे, ही टीका जुनी आहे आणि ती रास्त आहे. शिवाय "माझ्याकडून रोज अपडेट घेता, त्याच्याकडून का नाही?" हे कधी ना कधी ऐकावं लागतंच. त्यावर माझ्यापुरता तरी एकच उपाय चालला, वन-ऑन-वनमध्ये त्या माणसाच्या कामांची यादी समोर ठेवायची आणि प्रत्येक कामापुढे दोघांनी मिळून लिहायचं, यात मी सांगणार, यात तू ठरवून मला कळवायचं, यात विचारायचीही गरज नाही. यादी दर महिन्याला परत बघायची, म्हणजे कोणावर कायमचा शिक्का बसत नाही.

तुमची टीम जुनी, मुरलेली असेल आणि अडथळे सगळे बाहेरूनच येत असतील तर बिनधास्त सर्व्हंट लीडरशिप घ्या, तिथे ती बहुधा सरसच ठरेल. पण टीममध्ये एक जरी नवीन माणूस असेल, किंवा जुन्यांवर नवीन काम येऊन पडलं असेल, तर मी सिच्युएशनलच धरेन, आणि सुरुवात त्या यादीपासून करेन.