वायफायचा मिनी यूपीएस: घरून काम करणाऱ्या बायकांना कितपत उपयोगी?

लॉकडाऊनमध्ये ऑफिस आणि स्वयंपाक एकाच घरात आले, तेव्हा लातूर-बीडकडे खरी अडचण लाईटची. नळाला पाणी आलं की मोटर लावावीच लागते (पाणी आणि मीटिंगचा मुहूर्त एकच असतो). व्होल्टेज पडतं, राउटर बंद होऊन परत सुरू होईपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात. इथे १२ व्होल्टचा मिनी यूपीएस (लाईट गेली तरी राउटर चालू ठेवणारा बॅटरीचा छोटा डबा) उत्तम चालतो.

मात्र खोक्यावरचे ८००० एमएएच (बॅटरीच्या क्षमतेचा आकडा) पाहून हुरळू नका. ते ३.७ व्होल्टचे, म्हणजे सुमारे ३० वॉट-अवर (३० वॉटचं उपकरण एक तास चालेल एवढी वीज). हाती लागतात २५. राउटर ८ वॉट खात असेल तर तीन तास. फायबर इंटरनेटची तार जिथे जोडतात तो डबा राउटरपासून वेगळा असेल तर त्यालाही यूपीएसवर घ्या आणि वेळ निम्मा धरा.

आधी राउटरच्या अडॅप्टरवरचे आकडे वाचा. ९ व्होल्टच्या राउटरला १२ दिले तर तो जळू शकतो. पिनही जुळवून घ्या.

ओट्याजवळ किंवा पत्र्याखाली ठेवू नका, उन्हाळ्यात बॅटरी फुगते. गल्लीतल्या केबलवाल्याच्या डब्याचीच लाईट गेली तर हा निरुपयोगी. मोबाईलचा हॉटस्पॉट तयार ठेवा. आणि यावर लॅपटॉप चालत नाही, हे दुकानदार सहसा सांगत नाहीत.