काळं कापड म्हणजे कार्बन नव्हे: स्क्वर्ट बोटीच्या सामानात ३३,०१६ रुपये बुडाले

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका गाळ्यातून स्क्वर्ट बोटीसाठी (मुद्दाम पाण्याखाली नेता येणारी छोटी कयाक) घेतलेलं सामान जवळजवळ सगळं खोटं निघालं. काळं रंगवलेलं काचेच्या धाग्यांचं कापड कार्बन म्हणून, पिवळं पॉलिस्टर केव्हलर म्हणून आणि पातळ केलेलं रेझिन (कापड चिकटवून घट्ट करणारा द्रव) इपॉक्सी म्हणून विकलं गेलं. कोलाडला कुंडलिकेवर जाणाऱ्यांपैकी कुणी घरी बोट बांधत असेल, तर त्याच गाळ्यात जाण्याआधी हे वाचावं.

बिल असं: २०० जीएसएम (चौरस मीटरला २०० ग्रॅम) ट्विल, म्हणजे तिरक्या विणीचं कार्बन ८ मीटर, ११,६०० रुपये. पिवळं अ‍ॅरामिड (केव्हलर याच जातीचं) ५ मीटर, ८,०००. साधी ई-ग्लास (काचेच्या धाग्यांचं कापड) ६ मीटर, १,०८०. रेझिन ६ किलो ४,६८०, रेझिन घट्ट करणारा हार्डनर ६०० ग्रॅम ७२०, आणि सीट-नितंबाच्या पॅडसाठी क्लोज्ड सेल (पाणी न शोषणारा) फोम १,९००. वर १८ टक्के जीएसटी. १६,५०० आगाऊ आणि १६,५१६ माल उचलताना, दोन्ही यूपीआयने. न सुकलेल्या रेझिनने साच्याचा पृष्ठभाग खराब केला, तो घासून पुन्हा पॉलिश करायचे ७,५०० वेगळे.

आम्ही डोळे मिटून पैसे दिले नव्हते. फायबरचं काम हाताखालून गेलेली माणसं सोबत होती. कार्बन वीज वाहतो, काच वाहत नाही, म्हणून मल्टिमीटर बरोबर नेला होता. रोलच्या कडेला दोन्ही टोकं टेकवली, काही ओहम दाखवले. कार्बनच होता तो. पण फक्त वरचे तीन मीटर. आत गुंडाळलेली पाच मीटर रंगवलेली काच होती, आणि रोल आधीच टेप मारून बांधलेला होता. गाळ्यात पूर्ण रोल उलगडू देत नसेल तर घेऊ नका. दोन्ही टोकं आणि मधला भाग, तिन्ही ठिकाणी मीटर लावा.

खरी चीड येते ती अ‍ॅरामिडच्या कापणीची. विक्रेत्याने पाच मीटर कापड टेबलावर पसरलं, शिंप्याची साधी कात्री घेतली आणि एका दमात सरळ कापलं. शर्टाचं कापड कापावं तसं! कडेला एक धागा उसवला नाही, एक केस उभा राहिला नाही. ज्याने एकदा तरी खरं अ‍ॅरामिड हाताळलंय त्याला माहीत आहे की साध्या कात्रीत ते दुमडतं, चघळल्यासारखं होतं, पात्यांच्या मधून निसटतं. त्यासाठी बारीक दाते असलेली खास कात्री लागते, आणि तीही लवकर बोथट होते. तिथेच व्यवहार थांबायला हवा होता. प्रश्न विचारला होता, विचारला नाही असं नाही. उत्तर मिळालं, "साहेब, कात्री नवीन आहे, जर्मन आहे." पाठोपाठ काट्यावर वजन करून दाखवलं, ते बरोबर भरलं. वजन बरोबर भरणारच, पॉलिस्टरही २०० जीएसएमचं विणता येतं.

डेक, म्हणजे बोटीचं वरचं कवच, आधी घातला. बाहेरच्या थराला ते खरे तीन मीटर गेले, त्यामुळे काही कळलं नाही. हल, म्हणजे खालचं कवच, घालताना ब्रशखाली रेझिन जांभळट काळं होऊ लागलं. कार्बनचा रंग कधीच सुटत नाही. रंग सुटला की काम तिथेच थांबवा, पुढचं रेझिन कालवू नका.

रेझिन १०० ला १० हार्डनर, वजनाने, ०.१ ग्रॅमच्या काट्यावर. आठवडा झाला तरी नख रुतत होतं. विक्रेत्याचं एकच पालुपद, पावसाळा आहे, दमटपणा आहे. साफ खोटं. दमट हवेत हार्डनरमुळे इपॉक्सीवर तेलकट मेणासारखा थर येतो खरा, पण तो फक्त पृष्ठभागावर असतो, साध्या पाण्याने आणि खरखरीत स्पंजने घासला की निघतो. अख्खं लॅमिनेट (रेझिनमध्ये भिजवलेले कापडाचे थर) आतपर्यंत मऊ राहिलं तर भेसळ आहे, नाहीतर प्रमाण चुकलंय. आमचं प्रमाण लिहून ठेवलेलं होतं. डबा उघडताच थिनरचा वास आला तर तो परत करा. ५० ग्रॅम रेझिन आणि ५ ग्रॅम हार्डनर प्लास्टिकच्या कपात कालवून बघा: कप चांगला तापला पाहिजे, दुसऱ्या दिवशी तुकडा खडखडीत हवा. ही चाचणी आगाऊ रक्कम देण्याआधी, सीलबंद डब्यातल्या मालावर. टेबलावरच्या नमुन्यावर नको, नमुना खराच असतो.

मग उरलेले तुकडे लायटरवर धरले. पिवळे धागे वितळून त्यांची काळी गोळी झाली. अ‍ॅरामिड वितळत नाही, नुसतं करपतं. काळ्या कापडाचा रंग जळून खाली पांढरी काच उघडी पडली. फोमचा तुकडा पाण्यात पिळला तर बुडबुडे आले आणि त्याने स्पंजासारखं पाणी प्यायलं.

हे सगळं पैशांपुरतं असतं तरी एक वेळ सोसलं असतं. स्क्वर्ट बोट माणसाच्या वजनावर बेतून इतक्या कमी घनफळाची करतात की ती बसणाऱ्यासकट जेमतेम तरंगते, आणि प्रवाहाच्या कडेला मुद्दाम पूर्ण पाण्याखाली नेतात. एक मीटर खोलीवर दर चौरस मीटरला सुमारे एक टन दाब येतो. मऊ डेक तिथे नडग्यांवर दुमडला तर आतला माणूस बाहेर येऊ शकत नाही. हे त्या विक्रेत्याला सांगितलं होतं. नदी, बोट, सगळं. तरी विकलं.

तक्रारीची कथा त्याहून संतापजनक. गाळा खाडीच्या एका बाजूला, पैसे गेले दुसऱ्या बाजूच्या घरातून, त्यामुळे दोन पोलीस ठाण्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. हद्द कुठलीही असली तरी झीरो एफआयआर नोंदवता येतो, हे सांगितल्यावर उत्तर आलं, "हा दिवाणी मामला आहे." रंगवलेली काच कार्बन म्हणून विकणं दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम ३१८ आहे, ते कशासाठी? एका अधिकाऱ्याने बोट बांधायचा परवाना विचारला, जणू गुन्हा आम्हीच केलाय. बँक म्हणाली, व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केलाय. एका सरकारी कार्यालयात सांगितलं, वजन बरोबर आहे ना, मग आमचा विषय नाही. प्रयोगशाळेचा अहवाल आणा म्हणाले, त्याचा खर्च ९,४४० रुपये. फसलेल्या माणसाने पुरावाही स्वतःच्या खिशातून विकत घ्यायचा!

बिलावरचा जीएसटी क्रमांक २४ ने सुरू होत होता. महाराष्ट्राचा २७ असतो, २४ गुजरातचा. पत्ता नवी मुंबईचा, कर राज्यांतर्गत ९ अधिक ९ असा लावलेला, आणि क्रमांक परराज्यातला. जीएसटी पोर्टलवर क्रमांक टाकला तर रद्द झालेला. याला दोन मिनिटं लागतात, पैसे देण्याआधी गाळ्यातच उभं राहून करा.

"विकलेला माल परत घेतला जाणार नाही" या शिक्क्याला घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलात मुदत नसेल तर ती ३० दिवस धरली जाते. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. बिलावर कंपनीचं नाव टाकून घेऊ नका, व्यावसायिक खरेदी म्हणून तक्रार फेटाळायला निमित्त मिळतं.

त्याच गाळ्यातून माल घेऊन बोट आधीच बांधली असेल तर ती पाण्यात नेऊ नका. कॉकपिटच्या (बसायच्या जागेच्या) कडेला कापून उरलेली पट्टी शोधा, नख दाबा, लायटर धरा. राहिलेलं कापड, डबे, लेबल, पॅकिंगची टेपसुद्धा तारीख लिहून बांधून ठेवा, आमच्या तक्रारीला तेच लागतंय.