एक्सटीसीचे रीमिक्स संच: पावसाळा आणि हिवाळा ऐकून काढल्यावर

एक्सटीसी या इंग्लिश बँडचे नव्याने मिक्स केलेले अल्बम-संच घ्यावेत का? हो, घ्यावेत. सगळे एकदम नकोत, 'स्कायलार्किंग' या अल्बमपासून सुरुवात करा आणि त्यातच दोन महिने राहा. एवढंच हवं असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल. पण हा बँड ज्यांना आवडतो ते थोडक्यात बोलत नाहीत, आणि मीही त्यातलाच.

संच म्हणजे काय ते आधी. पॉर्क्युपाइन ट्री या बँडचा स्टीव्हन विल्सन २०१३ पासून एक्सटीसीचे जुने अल्बम मूळ मल्टीट्रॅक टेपवरून (ज्यावर प्रत्येक वाद्य आणि आवाज वेगळा असतो) नव्याने मिक्स करतो आहे. 'नॉनसच' २०१३ मध्ये आला, मग 'ड्रम्स अँड वायर्स', 'ऑरेंजेस अँड लेमन्स', 'स्कायलार्किंग', 'ब्लॅक सी', आणि २०२३ मध्ये 'द बिग एक्सप्रेस'. एकेका संचात एक सीडी आणि एक ब्लू-रे. सीडीवर नवं स्टिरिओ मिक्स. ब्लू-रेवर ५.१ सराउंड (चहूबाजूंनी येणारा आवाज), मूळ मिक्स, डेमो म्हणजे गाण्यांची कच्ची मुद्रणं, आणि गायकांचे आवाज काढून टाकलेली नुसती वाद्यांची मिक्स. माझ्याकडे 'स्कायलार्किंग', 'ड्रम्स अँड वायर्स', 'ब्लॅक सी' आणि 'द बिग एक्सप्रेस' आहेत. हे सगळं त्या चारांबद्दल.

हा बँड ज्यांनी ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडं. स्विंडन हे लंडन आणि ब्रिस्टलच्या मधलं, रेल्वेच्या कारखान्याभोवती वाढलेलं गाव. तिथली ही पोरं: अँडी पार्ट्रिज आणि कॉलिन मोल्डिंग हे दोन गीतकार-गायक, ड्रमवर टेरी चेंबर्स, कीबोर्डवर बॅरी अँड्र्यूज. १९७८ चा पहिला अल्बम 'व्हाइट म्युझिक' म्हणजे पंकच्या काळातली धडपड, झटके देत पळणारी गाणी. अँड्र्यूज गेला, गिटारवर डेव्ह ग्रेगरी आला, आणि १९७९ च्या 'ड्रम्स अँड वायर्स'पासून तोच बँड न्यू वेव्हच्या, म्हणजे पंकमागून आलेल्या लाटेच्या, ऐन मध्यावर. १९८२ चा 'इंग्लिश सेटलमेंट' निम्मा अकूस्टिक. १९८५ च्या १ एप्रिलला त्यांनी 'ड्यूक्स ऑफ स्ट्रॅटोस्फियर' असं टोपणनाव घेऊन साठच्या दशकातलं सायकेडेलिक संगीत काढलं. १९८६ चा 'स्कायलार्किंग' म्हणजे शेत, गवत, पाऊस आणि ऋतू. १९९९ च्या 'ॲपल व्हीनस व्हॉल्यूम वन'मध्ये तर ऑर्केस्ट्रा. वीसेक वर्षांत इतकी वळणं घेतली आणि प्रत्येक वळणावर काही ऐकणारे गळायला हवे होते. काही गळलेही असतील. जे राहिले ते मात्र कायमचे राहिले. असं का, याचं उत्तर मला या संचांनी दिलं.

उत्तर १९८२ मध्ये आहे. त्या वर्षी मार्चमध्ये पॅरिसच्या कार्यक्रमात पार्ट्रिज गाणं अर्धवट टाकून मंचावरून निघून गेला. लहानपणापासून चालू असलेल्या, मन शांत ठेवणाऱ्या व्हॅलियमच्या गोळ्या अचानक बंद झाल्या होत्या आणि मंचाची भीती त्याला झेपेनाशी झाली होती. त्यानंतर अमेरिकेचा दौरा रद्द झाला आणि एक्सटीसीने पुन्हा कधीच दौरा केला नाही. 'सेन्सेस वर्किंग ओव्हरटाइम' हे गाणं नुकतंच ब्रिटनमध्ये दहाव्या क्रमांकावर पोचलं होतं, म्हणजे ऐन भरात असताना. इतर बँडांचे चाहते मैफिलींच्या आठवणी सांगतात. यांच्या चाहत्यांना १९८२ नंतर फक्त रेकॉर्ड मिळाली. मग ते रेकॉर्डच ऐकत बसले, कान देऊन, वर्षानुवर्षं. आणि बँडकडेही स्टुडिओशिवाय दुसरी जागा उरली नव्हती, त्यामुळे ऐकायला जे ठेवलं ते सगळं त्या रेकॉर्डमध्येच ठेवलं. या प्रेमाचा पाया हा आहे. म्हणूनच वाद्यं सुटी करून ऐकवणारा संच या बँडला जितका शोभतो तितका क्वचितच दुसऱ्या कुणाला शोभेल.

आता 'स्कायलार्किंग'. निर्माता टॉड रंडग्रेन. त्याने डेमो मागवून घेतले, ऐकले आणि ध्वनिमुद्रणाआधीच गाण्यांचा क्रम ठरवून टाकला. एक दिवस, एक वर्ष, एक आयुष्य असा तो प्रवास. पार्ट्रिजचं आणि त्याचं मुळीच पटलं नाही. 'अर्न इनफ फॉर अस' या गाण्याच्या बासवरून पार्ट्रिजशी वाद होऊन मोल्डिंग काही काळ बँड सोडून गेला होता. एवढ्या भांडणातून इतका शांत, उन्हात तापलेल्या मातीसारखा अल्बम निघाला, याचं मला अजून नवल वाटतं. नंतर पार्ट्रिजनेही रंडग्रेनच्या कामाचं मोकळेपणी कौतुक केलं.

या अल्बमची एक जुनी व्यथा होती. कित्येक वर्षं तो पातळ वाटायचा, बास अंगात उतरत नसे. २०१० मध्ये रेकॉर्ड नव्याने काढायच्या वेळी मास्टरिंग करणाऱ्या जॉन डेंटच्या लक्षात आलं की मूळ साखळीत कुठेतरी जोडणी उलटी झाली आहे: ध्वनीची पोलॅरिटी उलटी. ड्रमचा ठोका पडतो तेव्हा स्पीकरचा पडदा बाहेर यायला हवा, तो आत जात होता. म्हणजे जवळजवळ पाव शतक लोक या अल्बमवर जीव टाकत होते आणि त्यांनी तो सरळ ऐकलेलाच नव्हता! या ब्लू-रेवर पोलॅरिटी दुरुस्त केलेलं मूळ मिक्स आहे आणि विल्सनचं नवं मिक्सही. फरक ऐकायला महागडं सामान लागत नाही. माझे स्पीकर मध्यम किमतीचे, बुकशेल्फ प्रकारचे आहेत, आणि 'समर्स कॉल्ड्रन'मध्ये किड्यांच्या किरकिरीनंतर बास येतो तो आता खाली बसतो, जमिनीवर.

पावसाळ्यात मी सर्वांत जास्त ऐकली ती 'बॅले फॉर अ रेनी डे' आणि 'वन थाउजंड अम्ब्रेलाज' ही जोडी. पहिलं गाणं पावसावर खूश आहे, रस्ते धुतले गेले, रंग उजळले. ते संपत नाही, थेट दुसऱ्यात शिरतं, आणि पाऊस तोच असला तरी आता गाणाऱ्याला कुणीतरी सोडून गेलेलं आहे. दुसऱ्याची तंतुवाद्यांची रचना डेव्ह ग्रेगरीची. आवाज काढून टाकलेलं मिक्स लावा. व्हायोलिनं वरून खाली अर्ध्या-अर्ध्या सुराने घसरत येतात, चेलो त्यांना खालून धरायला बघतात आणि ते धरणं प्रत्येक वेळी किंचित उशिरा येतं. गाण्यासकट ऐकताना शब्दांकडे लक्ष जातं आणि हे निसटतं. पुण्यात जुलैत खिडकीबाहेर धो धो चालू असताना मी हे इतक्यांदा लावलं की घरातल्या सगळ्यांना ती चाल तोंडपाठ झाली.

डेमोंचं मोल मला उशिरा कळलं, हिवाळ्यात. 'द मॅन हू सेल्ड अराउंड हिज सोल'चा डेमो घरगुती आहे, खोलीत बसून गायलेला. अल्बममध्ये तेच गाणं जुन्या हेरपटाच्या पार्श्वसंगीतासारखं झोकदार जाझ होऊन येतं. दोन्ही एकामागून एक ऐकले की निर्माता नेमकं काय करतो ते पुस्तक न वाचता समजतं. गाणी रचणाऱ्या किंवा घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या कुणी हे वाचत असेल तर माझं ऐका, तुम्ही केवळ डेमोंसाठी घ्या.

'ड्रम्स अँड वायर्स'चं नाव सार्थ आहे. 'मेकिंग प्लान्स फॉर नायजेल' मोल्डिंगचं, आईवडिलांनी पोराचं आयुष्य परस्पर ठरवून टाकल्याचं. (आपल्याकडच्या कुठल्याही अकरावी-बारावीच्या घरात हे गाणं समजावून सांगावं लागणार नाही.) त्यातला ड्रमचा ठेका नीट ऐका. जे काम एरवी हाय-हॅट (झांजांची जोडी) करते ते टेरी चेंबर्स टॉमवर, म्हणजे खर्ज आवाजाच्या ड्रमवर, करतो, त्यामुळे ठेका वरच्या अंगाला चमकत नाही, खालून कारखान्यासारखा चालतो. नुसत्या वाद्यांच्या मिक्समध्ये तो इतका उघडा पडतो की मला आधी गाणं दुसरंच वाटलं. दोन गिटारींचा धातूवर धातू आपटल्यासारखा आवाजही एक डावीकडे, एक उजवीकडे असा वेगळा धरता येतो.

'ब्लॅक सी'बद्दल माझं मत बहुतेकांपेक्षा वेगळं असेल. विल्सनचं मिक्स स्वच्छ आहे, सगळं दिसतं. पण निर्माता स्टीव्ह लिलीव्हाइट आणि ध्वनिमुद्रक ह्यू पॅजम यांनी १९८० मध्ये जो दणका दिला होता, तो मंचावर मुरलेल्या बँडचा होता आणि त्यात सगळं दिसणं गरजेचं नव्हतं. त्यातलं 'टॉवर्स ऑफ लंडन' मी परत मूळ मिक्समध्येच ऐकतो. तेही त्याच ब्लू-रेवर आहे, त्यामुळे तक्रार नाही.

'द बिग एक्सप्रेस'वर मात्र मी फिदा आहे. १९८४ मध्ये तो चालला नाही. त्याचं मूळ कव्हर आगगाडीच्या चाकासारखं गोल होतं. त्यात लिन ड्रम मशीनचा कडक ठोका आहे आणि अनेकांना तो कर्कश वाटला. पण हा स्विंडनचा अल्बम आहे. ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या ज्या कारखान्याने १८४३ पासून ते गाव पोसलं, तो दोनच वर्षांनी, १९८६ मध्ये, बंद झाला. शेवटचं 'ट्रेन रनिंग लो ऑन सोल कोल' संथपणे निघतं, वेग घेतं, धापा टाकतं आणि कोळसा संपल्यासारखं थांबतं. पार्ट्रिज तेव्हा जेमतेम तिशीत आला होता आणि आपल्यातलं सगळं सरलं असं त्याला वाटत होतं. सराउंडमध्ये ती गाडी खोलीतून जाते. या अल्बमला नवं मिक्स खरोखर हवं होतं, आणि जुनी कर्कश्शता आता वजनात बदलली आहे.

तक्रारी आहेत. ब्लू-रेमधला मेनू बघायला टीव्ही लावावाच लागतो. नुसतं ऐकायचं असलं तरी रिमोट घेऊन पडद्यासमोर बसा. सोबतच्या पुस्तिकेत बँडमधल्या तिघांनी एकेका गाण्यावर लिहिलेलं आहे आणि ते सोन्यासारखं आहे, पण अक्षर बारीक आहे, चाळिशीनंतर चष्म्याशिवाय जमत नाही. आपल्याकडे हे संच दुकानात सहसा दिसत नाहीत. बाहेरून मागवले तर टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून किंमत बरीच वर जाते. माझा एक संच कुरियरमध्ये दबून कोपरे चेपून आला, आतल्या डिस्क सुदैवाने सुखरूप होत्या. ब्लू-रे प्लेअर नसेल तर निम्म्याहून जास्त माल तुमच्या हाती लागणार नाही, हे घेण्याआधी नीट समजून घ्या. नुसत्या सीडीसाठी 'स्कायलार्किंग' घेतला तरी पैसे वसूल. बाकीच्यांबाबत तसं म्हणणार नाही.

माझे नंतरचे दोन संच आतेबहिणीने आणले. ती मूळची म्हापशाची, गेली काही वर्षं स्विंडनला असते. गोव्यातून तिथे गेलेली बरीच कुटुंबं आहेत. मी या बँडबद्दल बोलायला लागलो तेव्हा ताईला नावही माहीत नव्हतं. मग एका रविवारी ती मुलांना घेऊन अफिंग्टनच्या टेकडीवर गेली आणि तिथल्या पांढऱ्या घोड्याचे फोटो तिने मला पाठवले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी हिरव्या उतारावर चर खणून त्यात खडू भरून काढलेला हा घोडा 'इंग्लिश सेटलमेंट'च्या कव्हरवर आहे. स्विंडनहून गाडीने फार लांब नाही. आता तिचा मुलगा 'नायजेल' गुणगुणतो म्हणे.

त्याच स्विंडनच्या छोट्याशा आर्ट्स सेंटरमध्ये २०१८ मध्ये मोल्डिंग आणि चेंबर्स 'टीसी अँड आय' या नावाने एक्सटीसीची गाणी घेऊन पुन्हा मंचावर आले. पार्ट्रिज नव्हता, ग्रेगरी नव्हता, तरी देशोदेशीचे लोक त्या गावात येऊन राहिले. २०१९ मध्ये त्याचं ध्वनिमुद्रणही निघालं. मी ते ऐकलंय. मोल्डिंगचा आवाज वयाने थोडा खाली आलाय, पण बास तसाच चालता-बोलता आहे, आणि पहिल्या ठोक्याला लोकांतून जो आवाज उठतो त्यात छत्तीस वर्षांची वाट बघणं आहे.

घेण्याचा क्रम माझ्या मते असा: 'स्कायलार्किंग', मग 'ड्रम्स अँड वायर्स', मग 'द बिग एक्सप्रेस', आणि 'ब्लॅक सी' सर्वांत शेवटी. ज्यांना ऑर्केस्ट्राची बाजू जास्त ओढते त्यांनी 'ॲपल व्हीनस' साधा, जसा आहे तसा घ्यावा. त्यातलं पहिलंच गाणं, 'रिव्हर ऑफ ऑर्किड्स', ड्रमशिवाय, छेडलेल्या तारा आणि पितळी वाद्यांच्या थरांवर इतकं नाचतं की त्याला वेगळ्या मिक्सची गरज नाही. मला 'नॉनसच' आणि 'ऑरेंजेस अँड लेमन्स' हवे आहेत. ताई मे महिन्यात सुट्टीला येतेय, यादी तिला देऊन ठेवली आहे.