दादरचा स्वीडिश मसाज : नऊ महिन्यांनंतर

गेल्या जुलैपासून मी दादरला, कॅडल रोडच्या मागच्या एका गल्लीतल्या स्पामध्ये जाते आहे. आत्तापर्यंत अकरा वेळा स्वीडिश मसाज घेतला. जागेचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि मला तिथे परत जायचं आहे.

मी दिवसभर लॅपटॉपवर प्रुफं तपासते. डावा खांदा वर्षभर आखडलेला होता. झोप म्हणजे रात्री दोनला जाग आणि मग छताकडे बघत बसणं. कुणीतरी म्हणालं, मसाज घेऊन बघ. शोधायला गेले तेव्हा कळलं की मुंबईत बाईमाणसाने साधा, सरळ मसाज शोधणं ही वेगळीच डोकेदुखी आहे. ज्या जाहिरातीत मसाजपेक्षा मुलीचा फोटो मोठा, ती पहिल्यांदा बाद. जिथे फोनवर "मॅडम, आप आओ तो सही" एवढंच उत्तर मिळतं, तीही बाद. उरलेल्यांपैकी दोन ठिकाणी जाऊन आले. एकीकडे साठ मिनिटांतली बारा मिनिटं पाय धुणं, ग्रीन टी आणि फॉर्म भरण्यात गेली. दुसरीकडे मुलगी बिचारी इतकी दमलेली होती की तिलाच झोपवून मी तिचे पाय चेपावेत असं वाटलं. दिवसातली सातवी गिऱ्हाईक होते मी.

तिसऱ्या ठिकाणी फोनवर उलट मलाच प्रश्न विचारले. बीपी आहे का, शुगर आहे का, कुठलं ऑपरेशन झालंय का, पायात रक्ताची गुठळी वगैरे कधी झाली होती का. बाईच करेल ना, असं विचारल्यावर "हो, आणि आतून कडी आहे" असं उत्तर आलं. तिथेच ठरवलं.

खोली लहान आहे. टेबलाला तोंड ठेवायला भोक असलेली उशी असते, त्यातून फक्त फरशी दिसते. त्यामुळे मला मसाज करणाऱ्या ताईंची पहिली ओळख झाली ती त्यांच्या पायांची. जोडवी, टाचेला भेग, स्पाच्या पांढऱ्या सपाता. त्या मूळच्या देवगडकडच्या. आईचं गावात बाळंतिणींना मालिश करायचं काम, यांनी मुंबईत येऊन कोर्स केला. मला माझ्या बाळंतपणातली मालिशवाली बाई आठवली. तिळाचं कोमट तेल, मग कढत पाण्याची आंघोळ आणि वर ओवा-बाळंतशोपाची धुरी. ती बाई अंग रगडायची. "दुखतंय" म्हटलं की "दुखायलाच पाहिजे" म्हणायची.

इथे त्याच्या अगदी उलट. तेल हलकं, बहुतेक बदामाचं. सुरुवातीला नुसतेच लांब, सावकाश हात फिरतात, पायापासून वर, हृदयाच्या दिशेने. पहिली पाच मिनिटं मला वाटलं, पैसे वाया गेले, ही तर नुसती तेल लावतेय. पण त्याने अंग ऊब धरतं आणि मग कणीक तिंबावी तसं मांड्या-पाठीचं मळणं सुरू होतं. खांद्याच्या पात्याच्या कडेला अंगठ्याने छोटी छोटी वर्तुळं. शेवटी हाताच्या कडेने भराभर थापट्या, हा भाग मला अजूनही आवडत नाही. मी तो बंद करून घेतला.

बंद करून घ्यायला मात्र चार खेपा लागल्या. "प्रेशर कसंय?" असं त्या दर वेळी विचारायच्या आणि मी दर वेळी "ठीक" म्हणायचे. चौथ्या वेळी त्यांनी हात थांबवला. म्हणाल्या, "ताई, ठीक म्हणजे दुखतंय ना? तुमचा अंगठा आत वळतो दुखलं की." मी पालथी पडल्या पडल्या ओशाळले. घरी, ऑफिसात, पार्लरमध्ये, सगळीकडे ठीक म्हणायची सवय. पैसे देऊनसुद्धा भीड. त्या दिवसापासून मी "जरा हळू", "इथे नको", "तिथे अजून थोडं" असं सरळ बोलायला लागले आणि खरा मसाज मला पाचव्या खेपेपासून मिळाला. आधीच्या चारांतला निम्मा दोष माझा.

रिसेप्शनवरच्या लॅमिनेट केलेल्या कार्डावर 'स्वीडनची हजारो वर्षांची परंपरा' असं छापलंय. थाप आहे. ज्या पेर हेन्रिक लिंग यांचं नाव याला चिकटवतात, त्यांनी १८१३ साली स्टॉकहोममध्ये व्यायामाची संस्था काढली. हाताच्या या ठरावीक प्रकारांना फ्रेंच नावं रुळली त्याचं श्रेय ॲमस्टरडॅमच्या योहान मेझगर या डॉक्टरांना देतात. खुद्द स्वीडनमध्ये याला 'क्लासिक मसाज' म्हणतात. आणि याच सुमाराला, १८१४ मध्ये, आपल्या पाटण्याचे दीन महोमेद इंग्लंडात ब्रायटनच्या किनाऱ्यावर जाऊन गोऱ्यांना चंपी करायला लागले, पुढे राजाचीही केली. शाम्पू हा शब्द त्या चंपीतूनच आलाय. त्यामुळे चौपाटीवरच्या तेलमालिशवाल्यापुढे स्वीडिशने फार टेंभा मिरवू नये.

आता फायदा झाला का? खांद्याला नाही. हे स्पष्ट लिहिते, कारण मी त्यासाठीच गेले होते. मसाजच्या दिवशी हात मोकळा वाटायचा, दुसऱ्या दिवशी ब्लाउजचं मागचं हूक लावताना पुन्हा तेच. शेवटी हाडांच्या डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डर, म्हणजे खांद्याचा सांधाच आखडलेला, असं सांगितलं, फिजिओथेरपी दिली. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा कंटाळवाणा व्यायाम तीन महिने केला, तेव्हा कुठे हात कानापर्यंत गेला. ताईंनीही दुसऱ्याच खेपेला सांगितलं होतं, "हे माझ्या हातचं नाही, डॉक्टरला दाखवा." ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

झोप मात्र लागते. मसाजच्या रात्री आणि बहुतेक वेळा त्याच्या पुढच्या रात्रीही. दोन रात्रींसाठी एवढे पैसे द्यावेत का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी देते.

पैशांचं सांगते. सुरुवातीला एका तासाचे २००० आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २३६० रुपये. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा सेवांवरचा कर ५ टक्क्यांवर आला. मी खूश. ऑक्टोबरात गेले तर मूळ दर २२०० झालेला, बिल २३१०. सरकारने २६० रुपये सोडले, त्यातले ५० माझ्यापर्यंत पोचले. मग दहाचं पॅकेज घेतलं, आठच्या पैशात. तेव्हा कुणी सांगितलं नाही की त्याची मुदत सहाच महिने आहे, ते पावतीच्या मागे बारीक अक्षरात होतं. माझे दोन अजून शिल्लक आहेत आणि मुदत संपत आलीय. दुसरं म्हणजे ताई गणपतीला गावी गेल्या. कोकणातल्या माणसाने जायलाच हवं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण बुकिंग करताना ते कळवलं नाही आणि बदली मुलीने पाऊण तास माझी पाठ पाटा पुसल्यासारखी पुसली.

पावसाळ्यातलं एक. जुलै-ऑगस्टात तिथले टॉवेल वाळत नाहीत, कुबट वास येतो. मी आता घरून स्वतःची जुनी चादर आणि टॉवेल नेते, कुणाला राग येत नाही. येताना जुना सुती कुडताच घालावा. दमट हवेत तेल अंगावर चिकट राहतं, आणि संध्याकाळी साडेसहाची बोरिवली लोकल तेलकट मानेने पकडली तर शेजारणी जरा अंग चोरून उभ्या राहतात. तो एक फायदाच म्हणा. आता मी दुपारी चारचीच वेळ घेते.

आणि ते संगीत. चौपाटी चालत चार मिनिटांवर, आणि खोलीत स्पीकरवर लाटांचा आवाज, मध्येमध्ये सीगल ओरडतात. बंद खोलीत सीगल! सहाव्या खेपेला मी ते बंद करायला सांगितलं. ताई हसल्या, म्हणाल्या, "मलापण वैताग येतो, दिवसभर तेच." तेव्हापासून माझ्या वेळेला स्पीकर बंद. बाहेर कावळे, टॅक्सीचे हॉर्न, वरच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर. गेल्या गुरुवारी तीन शिट्ट्या मोजल्या. चौथी झाली की नाही, माहीत नाही.