फाटक, उड्डाणपूल की भुयारी मार्ग : स्टेशनाशेजारच्या गावाने काय मागावं?

रेल्वेचं गेट पडतं, दोन्ही बाजूंना वाहनं खोळंबतात आणि गावात पुन्हा पुलाची मागणी जोर धरते. मागणी रास्तच आहे. पण स्टेशनाला खेटून असलेलं फाटक आणि दोन स्टेशनांच्या मधलं, शेतातलं फाटक यांची गोष्ट वेगळी असते. उपायही म्हणूनच वेगळा निघतो.

शेतातलं गेट गाडी गेली की उघडतं. स्टेशनाजवळ मात्र गाडी प्लॅटफॉर्मवर उभी असली तरी पुढचं गेट बंदच दिसतं आणि लोक गेटमनवर चिडतात. त्याच्या हातात काही नसतं. गाडी आत घेताना ती जिथे थांबायची त्या सिग्नलच्या पुढेही साधारण 120 मीटर रूळ मोकळा ठेवावा लागतो. ब्रेक लागायला उशीर झाला तर अपघात होऊ नये, म्हणून ही राखीव जागा असते. तिला ओव्हरलॅप म्हणतात. फाटक त्या टप्प्यात आलं तर ते आधी बंद करावं लागतं. गाडी थांबल्यावर थोड्या वेळाने ती जागा सुटते, पण तोवर गाडी निघायची वेळ झालेली असते. एकेरी मार्गावर समोरची गाडी यायची असेल किंवा शंटिंग (इंजिन-डबे पुढेमागे करणं) चालू असेल, तर थांबणं आणखी लांबतं.

म्हणून गेट आहे तसं ठेवायचं की नाही हे रेल्वेगाड्यांच्या संख्येवर ठरवावं. दिवसाला मोजक्याच गाड्या असतील तर मी गेटच्या बाजूने आहे. म्हाताऱ्या माणसाला, सायकलवाल्याला, दप्तर घेतलेल्या पोराला सपाट आणि जवळचा रस्ता तोच. अट एकच, गेट इंटरलॉक असलं पाहिजे. म्हणजे गेट बंद होऊन कुलूपबंद झाल्याशिवाय सिग्नल मिळत नाही. इंटरलॉक नसलेल्या गेटची सगळी मदार स्टेशन मास्तर आणि गेटमन यांच्या फोनवरच्या बोलण्यावर असते. जुलै 2025 मध्ये तमिळनाडूत कडलूरजवळ शाळेच्या व्हॅनला रेल्वेची धडक बसून मुलं दगावली, ते फाटक इंटरलॉक नव्हतं. तुमच्या गावचं गेट कोणत्या प्रकारचं आहे, हा प्रश्न पुलाच्या मागणीच्याही आधी विचारायला हवा. विजेच्या मार्गावर फाटकाच्या दोन्ही बाजूंना उंचीची कमान असते. तिच्याखाली 4.67 मीटर जागा मिळते. कडबा उंच रचून नेणाऱ्यांना ती अडचण गेट असेपर्यंत राहणारच.

उड्डाणपुलाचा फायदा उघड आहे. रुग्णवाहिका, एसटी, ट्रक कशालाच थांबावं लागत नाही आणि पावसाळ्याची चिंता नाही. पण जरा हिशोब करा. ओव्हरहेड वायर असलेल्या मार्गावर रुळापासून पुलाच्या तळापर्यंत सहा मीटरहून जास्त उंची सोडावी लागते. त्यावर गर्डर आणि स्लॅब धरले की रस्ता रुळाच्या वर आठ मीटरच्या आसपास जातो. 30 मीटरला 1 मीटर असा चढ धरला तर एका बाजूचाच उतार 240 मीटर होतो. स्टेशनासमोरचा चौक, रिक्षास्टँड, दुकानं या उताराच्या सावलीत जातात. पलीकडच्या गल्लीतून पहिल्या गाडीसाठी धावत येणाऱ्याला आजवर फक्त रूळ ओलांडायचे होते, आता त्याला जवळपास अर्धा किलोमीटर चालावं लागतं. तो चालत नाही. तो रुळांवरूनच जातो, आणि आता तिथे थांबवायला गेटमनही नसतो.

भुयारी मार्गाला उतार कमी लागतो. रूळ भरावावर असतील तर रस्ता फारसा खाली न्यावाच लागत नाही. तिथे माझ्या मते दुसरा विचारही करू नये. कारखान्यात ओतलेले काँक्रीटचे बॉक्स काही तासांच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे तेवढा वेळ रेल्वे थांबवून, रुळाखाली बसवता येतात, त्यामुळे कामही लवकर उरकतं. रूळ जमिनीच्या पातळीला असतील तर मात्र पाण्याचा प्रश्न येतो. बॉक्सचा तळ जवळच्या नाल्याच्या तळापेक्षा खाली गेला की पाणी आपोआप बाहेर पडत नाही, पंप लावावा लागतो. पंपाचं वीजबिल कोण भरणार आणि रात्री दोन वाजता पाऊस कोसळला तर तो चालू कोण करणार, हे नकाशावर लिहिलेलं नसतं. आराखडा दाखवायला अधिकारी येतील तेव्हा नाल्याच्या तळाची पातळी विचाराच. कमी उंचीच्या भुयारातून उसाने लादलेली ट्रॉली किंवा उंच ट्रक जाईल का, हेही तिथेच विचारून घ्या.

पैशाचं गणित टीव्हीयू या आकड्यावर चालतं. चोवीस तासांतल्या रेल्वेगाड्यांची संख्या गुणिले रस्त्यावरच्या वाहनांची संख्या (दुचाकी, रिक्षा पूर्ण एक धरत नाहीत), म्हणजे टीव्हीयू. तो 1 लाखाच्या वर गेला की रेल्वे आणि राज्य निम्मा-निम्मा खर्च करून उड्डाणपूल बांधू शकतात. 100 रेल्वेगाड्या आणि 1000 मोटारी-ट्रक असले की तेवढा आकडा होतो. पण या गुणाकारात पायी चालणारा माणूस मोजलाच जात नाही. स्टेशनाशेजारच्या फाटकात सर्वांत जास्त वर्दळ त्याचीच असते.

गाड्या भरपूर आणि रूळ जमिनीच्या पातळीला असतील, तर मी म्हणेन की वाहनांचा पूल स्टेशनापासून थोडा दूर न्या आणि फाटकाच्याच जागी पादचारी भुयार किंवा उताराचा पादचारी पूल घ्या. नुसते जिने नकोत. गुडघे दुखणाऱ्यांना आणि हातगाडीवाल्यांना त्यांचा उपयोग नाही. हे दोन्ही एकाच ठरावात मागा. पूल झाल्यावर फाटक बंद करायला संमती द्यावी लागते आणि ती आधीच मागितली जाते. गावाच्या हातात जे काही आहे ते त्या सहीपर्यंतच. त्याआधी चार पोरं वही घेऊन फाटकाजवळ बसवा आणि एक शाळेचा दिवस, एक बाजाराचा दिवस पायी जाणारे मोजून काढा. तो आकडा ठरावाला जोडा.