शेवटचे दिवस: घरी की वारज्याला?

कॅन्सरवर आता उपचार नाहीत असं कळलं की पुण्यातल्या बहुतेक घरांत एकच सूर निघतो, "बाबांना घरीच ठेवू." जरूर ठेवा, पण आधी रात्री दोन वाजताचा विचार करा. तोंडाने घ्यायचं साधं मॉर्फिन साधारण दर चार तासांनी लागतं, सोबत पोट साफ व्हायचं औषध. एखादा डोस चुकला की दुखणं पुन्हा उसळतं. सदाशिव पेठेत लिफ्ट नसलेला तिसरा मजला असेल तर आणखीच पंचाईत. फॅमिली डॉक्टरांशीही आधीच बोलून ठेवा. घरी मृत्यू झाला तर दाखल्यावाचून पुढचं सगळं अडतं.

वारज्याचं सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर (आजार बरा होणार नसला तरी वेदना आणि त्रास कमी करणारी शुश्रूषा) सेंटर १९९७ पासून कॅन्सरच्या रुग्णांची मोफत काळजी घेतं. घरचं माणूस सोबत राहू शकतं. तिथे नेलं म्हणजे 'टाकून दिलं' असं नव्हे (नातेवाईक काहीही बोलतात!). वेदना आटोक्यात आल्या, जखमेचं ड्रेसिंग आणि कोरडं पडलेलं तोंड ओलं कसं ठेवायचं हे शिकून झालं, की परत घरी आणता येतं. माझा कौल म्हणून आधी वारजे, मग घर.

लिव्हिंग विल, म्हणजे शुद्ध हरपली तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेलं इच्छापत्र, मात्र दोन्हीकडे हवं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. नाहीतर ऐनवेळी अमेरिकेहून आलेला मुलगा व्हेंटिलेटरचा आग्रह धरतो, आणि बाबांना काय हवं होतं हे सांगायला ते शुद्धीवर नसतात.