मोंताल्चिनो की मोंतेपुल्चानो? आधी ठरवा, गाडी कोण चालवणार

इटलीतल्या दक्षिण तोस्कानासाठी एकच दिवस हाताशी असला की गाडं या दोन गावांवर येऊन अडतं. दोन्ही डोंगरमाथ्यावर, दोन्हींना तटबंदी आणि दोन्हींकडच्या रेड वाईनला १९८० सालीच इटलीचा सर्वोच्च दर्जा मिळालेला. फोटो बघून तर काहीच ठरत नाही.

किल्ल्याचा हट्ट असेल तर सरळ मोंताल्चिनो. सिएना या शेजारच्या नगर-राज्याने १३६१ मध्ये बांधायला घेतलेला हा पंचकोनी किल्ला अजून धडधाकट आहे. १५५५ मध्ये सिएना पडल्यावर तिथल्या लोकांनी इथून आणखी चार वर्षं आपलं प्रजासत्ताक तगवलं. रायगड गेल्यावर जिंजीने केलं, तेच. आपल्या गडांवर दिवसदिवस भटकलेल्यांना तो आकाराने चिमुकला वाटेल, पण तिकीट काढून तटावर जाच. सगळं ओर्चाचं खोरं समोर पसरलेलं असतं. मोंतेपुल्चानोतही किल्ला आहे म्हणा, पण डागडुजी इतकी झालीय की त्याच्यासाठी कुणी वाट वाकडी करू नये. तिथे बघायचा तो माथ्यावरचा चौक, आणि त्यात दर्शनी भिंत कधीच पुरी न झालेलं, उघड्या विटांचं कथेद्रल. मात्र खालच्या वेशीपासून तिथपर्यंत नुसता चढ. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी गावातले आठ मोहल्ले ऐंशी किलोंची पिंपं याच रस्त्याने वर लोटत नेण्याची शर्यत लावतात. गुडघे कुरकुरत असतील तर विचार करा.

माझा कौल फिरला तो वेगळ्याच कारणाने. मोंताल्चिनोची रेड वाईन, ब्रुनेल्लो, ज्या तळघरांत मुरते, ती बहुतेक गावाबाहेर, द्राक्षमळ्यांत विखुरलेली. आधी वेळ ठरवायची आणि पांढऱ्या खडीच्या रस्त्यांवरून गाडी हाकत जायचं. म्हणजे कुणीतरी एक कोरडा राहणार. तो मी होतो. बाकीचे घोट घेऊन डोळे मिटतायत आणि मी ग्लास फिरवतोय, वास घेतोय, तोंडात घोळवतोय आणि समोरच्या भांड्यात थुंकतोय! काढणीनंतर पाचव्या वर्षाच्या जानेवारीपर्यंत जी विकायलाही काढत नाहीत, ती. जीव तुटतो हो.

मोंतेपुल्चानोत ही भानगडच नाही. जुनी तळघरं थेट वाड्यांच्या पोटात. भर रस्त्यावरच्या दारातून आत शिरायचं, पायऱ्या उतरायच्या. दंडावर गारवा जाणवतो, भिंती ओलसर, आणि दोन्ही बाजूंना माणसाहून उंच लाकडी पिंपं. वर येऊन इथली रेड वाईन, वीनो नोबिले, चाखा, मग चालत पुढच्या दारी. चवीत ब्रुनेल्लो उजवी, हे मलाही मान्य. पण पोटात गेलेली वाईन थुंकलेलीपेक्षा बरी, नाही का? अर्थात मोंताल्चिनोच्या किल्ल्यातच वाईनचं दुकान आहे. तिथल्या एका ग्लासावर तुमचं भागत असेल, तर माझं रडगाणं सोडून द्या.

शाकाहाऱ्यांनी मोंतेपुल्चानोत पीची अल्यॉने मागावी: हाताने वळलेल्या जाड शेवया, टोमॅटो आणि सढळ लसूण. 'मोंतेपुल्चानो' नावाच्या रेल्वे स्टेशनवर मात्र उतरू नका, ते गावापासून बरंच लांब आहे. क्यूझीला उतरून बस घ्या आणि रविवार असेल तर परतीच्या बसची वेळ आधीच बघून ठेवा.